आधी तारीख, मग डबा : इंदूरकर मराठी घराची वर्षभराच्या सहलींची तयारी

पाण्याच्या बाटल्या, टोप्या, पोरांचे जादा कपडे हे ज्याला सांगावं लागतं त्याने घरीच बसावं. यादीत पहिलं काम एकच: भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरशेजारी इथलं हिंदी पंचांगही टांगा, आणि वर्षाचे बेत लिहिताना महिन्याचं नाव न लिहिता इंग्रजी तारीख आणि वार लिहा. गेल्या खेपेला हेच राहिलं, आणि भरलेले डबे भरलेलेच राहिले.

कारण साधं आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, शेजारच्यांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचं नाव एकच असतं, म्हणून गणपती, नवरात्र, दसरा यांत घोळ नाही. वद्य पक्षात मात्र त्यांचा महिना आपल्या एक पुढे गेलेला असतो. समोरच्या भाभी ‘सावन लग गया’ म्हणतात तेव्हा आपल्याकडे आषाढ वद्य चालू असतो. 2025 मध्ये त्यांचा सावन 11 जुलैला लागला, आपला श्रावण 25 जुलैला. दोघंही बरोबर, आणि पंधरवड्याने चुकणार ते आपणच.

जानेवारीपासून धरा. खजराण्याच्या गणपतीची, इथल्या इंदूरातल्याच, तिलचतुर्थीची जत्रा. कोणी ‘माघ की चौथ’ म्हटलं की मराठी माणूस माघी गणेशजयंती समजतो आणि तिथे पोचेपर्यंत जत्रा उठून गेलेली असते. त्यांची माघ कृष्ण चतुर्थी म्हणजे आपली पौष वद्य चतुर्थी, संकष्टी. 2026 मध्ये ती 6 जानेवारीला, गणेशजयंती 22 जानेवारीला. सोळा दिवसांचा फरक! तारीख आकड्यात लिहा. बाकी तिथे चपला गाडीतच काढा आणि म्हाताऱ्या माणसांना सकाळी लवकर न्या, दुपारनंतर रांग सरकत नाही. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत कधीही, त्याला पंचांग लागत नाही. वाण मात्र मोजलेल्या बायकांपेक्षा दहा जास्त आणा.

रंगपंचमीची गेर, म्हणजे राजवाड्यावरून निघणारी रंगांची मिरवणूक. इंदूरला त्या दिवशी स्थानिक सुटी असते, पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना नसते, हे त्यांना आधी सांगा. आदल्या रात्री केसांना आणि कानामागे खोबरेल, सकाळी पुन्हा चेहऱ्याला. कपडे जुने, सुती, पूर्ण बाहीचे. पायात बंदाचे बूट. चप्पल राजवाड्याच्या गर्दीत पहिल्या पाच मिनिटांत जाते आणि वाकून शोधायची सोय नसते. कॉन्टॅक्ट लेन्स घालून कोणीही निघू नये: गुलाल नळकांड्यांतून दोन-तीन मजले वर उडवतात, तो खाली येताना डोळ्यांत बसतो. फोन एका पिशवीत नाही, दोन पिशव्यांत, एकीचं तोंड खाली. लहान मुलांना रस्त्यावर उतरवू नका, ओळखीच्या कोणाची गॅलरी आठवडाभर आधी मागून ठेवा. गाडी राजवाड्याजवळ नेण्याचा विचारही नको. रस्ते बंद असतात, आणि आत अडकलेली गाडी गेर पुढे सरकल्याशिवाय निघत नाही.

वटपौर्णिमा. इथल्या बायका वटसावित्री अमावास्येला करतात, आपण पौर्णिमेला. दोन्हीकडच्या मैत्रिणींनी वडाखाली एकत्र जमायचं ठरवलं तर कोणाच्या दिवशी ते स्पष्ट विचारा. एरवी फरक पंधरा दिवसांचा. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आला, म्हणून अमावास्या 16 मेला आणि पौर्णिमा थेट 29 जूनला. दीड महिना. ‘जेठात भेटू’ एवढ्यावर बेत सोडणाऱ्याला काय सांगावं!

पावसाळा. पातालपाणी–कालाकुंड मीटरगेज गाडीची जातायेतानाची दोन्ही तिकिटं एकदमच काढा; शनिवार-रविवारची जागा आयत्या वेळी मिळत नाही. कालाकुंडला कलाकंद घ्यायला सुटे पैसे ठेवा. पातालपाण्याच्या धबधब्याच्या वरच्या अंगाला पाण्यात पाय घालायचा नाही. इथे ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस झालेला असतो आणि लोंढा सूचना न देता येतो. 2011 च्या जुलैत तिथे माणसं वाहून गेली आहेत. याला अपवाद नाही, भाचा कितीही पोहत असो.

दालबाफल्यांची, म्हणजे डाळ आणि उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांची, सहल हा मोठा जिन्नस. वीस माणसांना माणशी तीन धरून साठ बाफले, म्हणजे साडेतीन किलो पीठ: पावणेतीन किलो जाडसर गहू, पाऊण किलो मका. बारीक पोळीचं पीठ नेलंत तर बाफला आत चिकट राहतो. अर्धा किलो तूप मोहन, ओवा, बडीशेप, मीठ, थोडं दही. पीठ घट्ट मळा; हाताला चिकटलं की समजा बिघडलं. हळदीच्या उकळत्या पाण्यात गोळे वर तरंगेपर्यंत, आणि तरंगल्यावरही पाच-सात मिनिटं. मग कापडावर पसरून कोरडे होऊ द्या. इथे सगळे घाई करतात: ओला बाफला निखाऱ्यावर टाकला की राख साल धरून बसते आणि खरवडताना वरची पापडीच निघून येते. कंडे, म्हणजे गोवऱ्या, प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून न्या, सादळलेले कंडे नुसता धूर देतात. ज्योत विझून वर पांढरी राख आली की मगच बाफले लावा. भाजून झाले की हलके दाबून फोडा आणि तुपात बुडवा; त्यासाठी आणखी किलोभर तूप वेगळं, चुलीच्या कडेला पातळ ठेवलेलं. तूरडाळ सव्वा किलो. उरलेल्या बाफल्यांचा चुरमा, गूळ किंवा पिठीसाखर बरोबर असेल तर. काड्यापेट्या दोन, वेगवेगळ्या माणसांच्या खिशात.

उज्जैनची महाकालाची सवारी, म्हणजे देवाची पालखी-मिरवणूक. पुन्हा तारीख, पुन्हा आकडा. सवाऱ्या त्यांच्या सावनाच्या पहिल्या सोमवारी सुरू होतात आणि आपला श्रावण संपेपर्यंत चालतात. 2025 मध्ये पहिली 14 जुलैला, शेवटची, सगळ्यांत मोठी, 18 ऑगस्टला. ‘सावन का आखिरी सोमवार’ ऐकून 4 ऑगस्टला गेलेल्याला मोठी सवारी मिळाली नाही, आणि मराठी पहिला सोमवार धरून 28 जुलैला निघालेल्याच्या दोन होऊन गेल्या होत्या. सवारी मंदिरातून दुपारी चारला निघून रामघाटावर जाते; घाटावर जागा धरायची तर दोनलाच पोचा. पंचावन्न किलोमीटरच आहे म्हणून उशिरा निघणारे नाक्यावरच्या रांगेत अडकतात. जन्माष्टमीलाही ते ‘भादो’ म्हणतील आणि आपण श्रावण. दिवस तोच, घाबरू नका. पोळ्याचंही तसंच. घोळ दिवसाचा नाही, नावाचा आहे, म्हणून तर म्हणतोय आकडा लिहा.

अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे गाड्यांवरचे देखावे. शुद्ध पक्ष, निर्धास्त. रात्रभर चालतात, म्हणून सतरंजी, पोरांना चादर, दुपारी झोप. बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या झांक्या अजून निघतात, त्या बघायला कोपऱ्यावर नाही, सरळ रस्त्याच्या कडेला बसा. वळणावर गाडा तिरका होतो आणि मागची बाजूच दिसते.

मांडू: पाऊस ओसरल्यावर, पहाटे निघून, घाटात धुकं असेल तर थांबून. पुरातत्त्वाची तिकिटं, चालायचे बूट. महेश्वर: घाटावर संध्याकाळ, साडी घ्यायची असेल तर दुपार. दिवाळीपहाटेची तिकिटं आधी. थंडीत सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद), रात्री दहानंतर, गाडी लांब लावून. नवी कॅलेंडरं डिसेंबरात येतील, दोन्ही आणा, आणि तिलचतुर्थीवर त्याच दिवशी लाल पेनने गोल करा, वद्य पौष असं न लिहिता आकड्यात.