फुटिंगला वरचीही जाळी द्या

सोलापूरकडे वळिवाच्या आधी जे वारं सुटतं, ते पत्र्याचं शेड नुसतं ढकलत नाही, वर उचलतं. गवंडी फुटिंगमध्ये, म्हणजे खांबाखालच्या काँक्रीटच्या पायात, सळयांची खालची जाळी चोख बांधतात, कारण डोक्यात वरून येणारा भारच असतो. पण खांब वर ओढला गेला की ताण फुटिंगच्या वरच्या अंगाला येतो आणि तिथे सळईच नसते. म्हणून वर दुसरी जाळी टाका, ती दबू नये म्हणून चेअर, म्हणजे सळई वाकवून केलेले टेकू, लावा. खांबाच्या सळया खालच्या जाळीवर ‘एल’ वळवून बांधा. कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, ५० मिमी.

अर्थात सळईने वजन वाढत नाही, आणि वर उचलणाऱ्या वाऱ्याला अडवतं ते वजनच. वारा सेकंदाला ४० मीटर असेल तर चौरस मीटरला साधारण ९८ किलो दाब येतो. वेग दुप्पट, तर दाब चौपट. तेवढंच काँक्रीट उंच ठोकळ्याऐवजी पसरट ओतलं, तर ते उलटवायला जास्त जोर लागतो. तळ मात्र मुरमावरच टेकवा. बाजूच्या काळ्या मातीचा आधार हिशोबात धरूच नका, ऐन मेमध्ये ती भेगाळून काँक्रीटपासून सुटलेली असते. आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे वाऱ्याच्या उलटवणाऱ्या जोराला १.४ ने गुणायचं आणि स्वतःचं वजन ०.९ पटच धरायचं. मोठ्या शेडला हे गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या.