ऑफसेटला हात लावण्याआधी: दोष कमी करताना या चुका टाळा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी क्वालिटीचं काम बघायला लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट नजरेत भरली. सीएनसी लेथवरचे (संगणकावर चालणाऱ्या लेथवरचे) एक जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे काकाच म्हणत, प्रत्येक जॉब (यंत्रावर घडवलेला भाग) उतरला की मायक्रोमीटर लावायचे आणि माप जरा इकडेतिकडे दिसलं की लगेच ऑफसेट, म्हणजे हत्यार किती आत-बाहेर राहील ते ठरवणारा आकडा, बदलायचे. शाफ्टचा व्यास 25 मिलिमीटर, टॉलरन्स (चालणारा फरक) अधिक-उणे 20 मायक्रॉन, म्हणजे 0.02 मिलिमीटर. माप 25.008 आलं की आठ मायक्रॉन खाली, पुढचा जॉब 24.994 निघाला की सहा मायक्रॉन वर. मी विचारलं तर म्हणाले, "अहो, माप राखायचं तर हात चालवावाच लागतो. नुसतं बघत बसून कसं चालेल?" काका मन लावून काम करणारे होते. आणि सगळ्यात जास्त रिजेक्शन त्यांच्याच मशीनवर होतं.

बडोद्यात हे समजावणं अवघड जातं, कारण इथे हाताच्या कसबाचा अभिमान जुना आहे. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन ही तांत्रिक शिक्षणाची संस्था काढली, तेव्हापासून या गावात यंत्रावर हात बसलेल्या माणसाला मान आहे. अशा माणसाला "हात लावू नका" म्हणायचं म्हणजे त्याचा अपमान केल्यासारखं वाटतं. म्हणून आधी कारण नीट सांगावं लागतं.

कोणत्याही यंत्राच्या मापात थोडी थरथर असतेच. बारचा कडकपणा, कुलंटचं तापमान, चकची पकड, स्पिंडलची उष्णता अशी बारीकसारीक वीस कारणं मिळून ती होते आणि त्यातलं एकही वेगळं काढून दाखवता येत नाही. वॉल्टर शूहार्ट यांनी मे 1924 मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये काम करताना पहिला कंट्रोल चार्ट (मापं ओळीने मांडून वर-खाली मर्यादेच्या रेघा ओढलेला तक्ता) मांडला, तो हा फरक कळावा म्हणूनच: ही नेहमीची थरथर आहे, की काहीतरी खास बिघडलं आहे? नेहमीच्या थरथरीला दर वेळी उत्तर देत बसलं, तर आपली दुरुस्तीही त्या थरथरीत मिसळते. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनी नरसाळ्यातून गोटी खुणेवर सोडायच्या प्रयोगातून हेच दाखवलं. प्रत्येक चुकीइतकी उलट दुरुस्ती करत गेलं की व्हेरियन्स (विखुरण्याचा वर्ग) दुप्पट होतो, म्हणजे विखुरणं सुमारे 1.41 पट.

आमच्या शाफ्टवर हिशेब करून बघा. सिग्मा (मापं सरासरीभोवती किती विखुरतात तो आकडा) 5 मायक्रॉन आणि सरासरी बरोबर मधोमध असेल, तर टॉलरन्सबाहेर लाखात साधारण 6 जॉब जातात. त्याच मशीनला दर जॉबमागे हात लावत राहिलं की सिग्मा 7 मायक्रॉनच्या आसपास पोहोचतो, आणि बाहेर जाणारे जॉब लाखात साडेचारशेच्या वर. मशीन तेच, माल तोच.

मी काकांना एवढंच म्हटलं की एक दिवस पन्नास जॉब ऑफसेट न बदलता काढू आणि मापं ओळीने वहीत लिहू. त्यांनी लिहिली. दुपारी वही उघडून आम्ही दोघं बसलो. आकडे 24.99 आणि 25.01 यांच्यामध्ये डुलत होते, शेवटच्या दहा-बारा जॉबमध्ये मात्र माप हळूहळू वर सरकत होतं. तो खरा संकेत: इन्सर्ट, म्हणजे हत्याराचं कापणारं टोक, झिजत होता. झीज दिशा धरून जाते आणि तिच्यासाठी ऑफसेट द्यायलाच हवा, पण किती जॉबनंतर आणि किती, हे ठरवून. काकांनी ते अंतर स्वतःच शोधलं.

चार्टवर टॉलरन्सच्या रेघा ओढणे

ही चूक मला बहुतेक कारखान्यांत दिसते. ग्राहकाचा ऑडिट येणार म्हणून चार्ट लावतात आणि वरची-खालची रेघ ड्रॉइंगवरून उचलतात. ड्रॉइंग ग्राहकाला काय हवं ते सांगतं, तुमचं मशीन काय करतंय ते नाही. चार्टवरची ही रेघ, म्हणजे कंट्रोल लिमिट, मशीनच्या मापांतूनच काढायची असते. तासाला सलग 5 जॉब घ्या, असे 20-25 गट होऊ द्या. प्रत्येक गटातल्या मोठ्या आणि लहान मापातला फरक म्हणजे रेंज. रेंजची सरासरी 12 मायक्रॉन आली, तर तिला 0.577 ने (पाचच्या गटासाठी ठरलेला आकडा) गुणा: 6.9. गटांच्या सरासरीच्या चार्टवर मधल्या रेघेच्या वर आणि खाली तेवढं अंतर, बस्स. टॉलरन्सची रेघ त्या चार्टवर आणूच नका. ऑपरेटर मग तिच्याकडेच बघतो, आणि टॉलरन्सच्या आत राहूनही मशीन सरकतंय हे त्याला उशिरा कळतं.

दोन मशीनचा माल एकाच चार्टवर टाकणं हीही त्यातलीच गत. दोघांच्या सरासरीत पाच मायक्रॉनचं अंतर असेल तर तुम्ही चार्ट बघत नाही, मिश्रण बघताय. मशीनवार, शिफ्टवार, इन्सर्टच्या बॅचवार वेगळं करून बघा. निम्मी कोडी तिथेच सुटतात.

आधी माप तपासा

यावर मी पुन्हा पुन्हा बोलतो, कारण इथे पैसा गुपचूप वाया जातो. मापनाचं मानक तापमान 20 अंश सेल्सियस आहे. आमच्याकडे मे महिन्यात शेडमध्ये चाळीसच्या पुढे पारा जातो. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे 11.5 मायक्रॉन वाढतं. म्हणजे 100 मिलिमीटरचा जॉब मायक्रोमीटरपेक्षा 15 अंशांनी गरम असेल तर तो 17 मायक्रॉन मोठा दिसणार. मशीनवरून उतरलेला गरम जॉब लगेच मोजून रिजेक्ट करायचा, किंवा तसाच पास करून रात्री थंड झाल्यावर कमी निघायचा, हे मी दोन्ही पाहिलं आहे. टेबलावर एक लोखंडी प्लेट ठेवा, जॉब आणि मायक्रोमीटर दोन्ही तिच्यावर काही वेळ राहू द्या, मग मोजा.

दुसरं, तेच दहा जॉब तीन माणसांना दोन-दोनदा मोजायला द्या, आधीचा आकडा न दाखवता. मोजणाऱ्यांमुळे आणि साधनामुळे येणारं विखुरणं एकूण विखुरण्याच्या 10 टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, 30 च्या वर गेलं तर ते माप निर्णयाला घेऊ नका.

"ऑपरेटरची चूक" असं लिहून फाइल बंद करणे

रिजेक्शन रिपोर्टमध्ये कारणाच्या रकान्यात हे वाक्य दिसलं की मी कागद परत पाठवतो. ते कारण नाही, त्याच्या आधी कारण असतं. एका भागाचा जॉब फिक्स्चरमध्ये (जॉब पकडून ठेवणाऱ्या साधनात) उलटा बसू शकत होता आणि महिन्यात तीन-चार वेळा तो उलटा बसायचाच. सुपरवायझर ओरडायचे, रजिस्टरवर सह्या घ्यायचे, पुन्हा तेच. शेवटी फिक्स्चरमध्ये एक पिन बसवली, जॉब उलटा ठेवला तर बसतच नाही. जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांनी ज्याला पोका-योके (चूक होऊच न देणारी सोय) म्हटलं ते हेच. पिनेचा खर्च एका बाद जॉबपेक्षा कमी होता.

रिवर्क लपवणे

पाच टप्पे आहेत आणि प्रत्येकात 98 टक्के माल पहिल्या फेरीत बरोबर निघतो, असं म्हणताना छान वाटतं. गुणाकार केला तर शंभरातले नव्वदच पाचही टप्पे न अडता पार करतात. उरलेले दहा घासून, पुन्हा बसवून, पुन्हा मोजून शेवटी पास होतात, म्हणून रिजेक्शनच्या आकड्यात दिसत नाहीत. त्या वेळेचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवा.

हाच हिशेब ऑफिसलाही लागू पडतो. डिस्पॅचच्या टेबलावरून परत आलेली इनव्हॉइस, चुकलेला जीएसटी नंबर, जुन्या रिव्हिजनचं ड्रॉइंग घेऊन काढलेली ऑर्डर, हे सगळे दोषच. आमच्याकडे जुनं ड्रॉइंग शॉपवर राहायचं, कारण नवं आलं तरी जुनं परत मागणारा कोणी नव्हता. आता जुनं जमा केल्याशिवाय नवं मिळत नाही.

प्रक्रियेत काही खरोखर बदललं, म्हणजे नवीन इन्सर्ट, नवा बार सप्लायर, मशीनची ओव्हरहॉलिंग, की जुनी कंट्रोल लिमिट पुसून टाका आणि ताज्या 20-25 गटांतून पुन्हा काढा. आमच्या लेथवर हे काम काका करतात. वही त्यांच्याकडेच असते.