रात्री हीटिंगचा पंप घोंघावत असेल तर

इंग्लंडमधलं जुनं घर. गॅस बॉयलर स्वयंपाकघरात, रेडिएटरांत गरम पाणी फिरवणारा पंप वेगळा, गरम पाण्याच्या टाकीशेजारी. रात्री खोल्या तापून रेडिएटरचे थर्मोस्टॅट व्हॉल्व मिटले की पंप घूं-घूं करायचा, मधूनच खळखळायचा. झोपेचं खोबरं झालं होतं. रेडिएटरांतली हवा काढली, पाइपांखाली रबर सारलं, फरक नाही.

शेवटी हे केलं: हीटिंगची वीज बंद, पंप पूर्ण गार होऊ दिला. खाली फडकं धरून पंपाचा मधला मोठा स्क्रू अगदी थोडा सैल केला. हवा फुसफुसली, पाणी झिरपताच आवळला. मग वेगाचा खटका ३ वरून २ वर आणला, वीज चालू केली. सर्वांत लांबचा रेडिएटर नीट तापतोय, हे तपासलं. खळखळ हवेची होती, घूं-घूं जास्त वेगाची.

बॉयलरचं झाकण मात्र उघडू नका. ते काम गॅस सेफ, म्हणजे तिथल्या गॅस कारागिरांच्या अधिकृत यादीत, नोंदणी असलेल्याचंच.