मिंधं न करता मदत कशी करावी

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा भिलवडीतल्या आमच्या घरात खिडक्यांच्या वर पाणी होतं. आम्ही एका शाळेत राहायला गेलो. चौथ्या दिवशी मदतीचा टेम्पो आला. एका पोरानं माझ्या हातात पिशवी दिली, पण स्वतःचा हात काही काढला नाही. दुसरा मोबाइल धरून म्हणाला, "काकू, इकडं बघा. जरा हसा की." मी हसले. पिशवीतला तांदूळ चांगला होता, आठ दिवस पुरला. पण आज त्या तांदळाची चव आठवत नाही, ते हसणं तेवढं आठवतं.

तीस वर्षं मी नागरिकशास्त्र शिकवलं. एकदा वर्गात एका मुलानं विचारलं होतं, "बाई, अमेरिकेनं आपल्याला एवढा गहू दिला, मग आपली माणसं त्यांच्यावरच का चिडायची?" मी फळ्यावर 'अलिप्ततावाद' लिहिलं आणि पुढचा धडा घेतला. खरं उत्तर मला पुरात राहिलेल्या त्या शाळेच्या व्हरांड्यात मिळालं. दरवर्षी पावसाळ्यात मंडळाची पोरं विचारायला येतात, "बाई, मदत गोळा करतोय, काय काय आणू?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सगळ्यात आधी विचारा. आपल्या घरात काय जास्तीचं आहे तिथून सुरुवात करू नका. आमच्या गावात जुन्या साड्यांचे ढीग पडले होते, बिस्किटांचे पुडे तर विचारू नका. आम्हाला हवी होती फावडी, खराटे, फिनेल, चिखल उपसायला पंप, पोरांची वह्या-पुस्तकं आणि बायकांना पॅड. यातलं एकही कुणी विचारलं नाही. गावातल्या आशाताईंना किंवा बचत गटातल्या बाईला एक फोन केला असता तर पाच मिनिटांत यादी मिळाली असती.

अमेरिकेच्या गव्हाची गोष्ट इथूनच सुरू होते. 1954 मध्ये तिथं दुसऱ्या देशांना धान्य देण्याचा पी.एल. 480 हा कायदा झाला. त्यांच्याकडं धान्याचे साठे इतके वाढले होते की ते खपवणं हाही त्या कायद्याचा उघड हेतू होता. 1956 मध्ये भारताशी करार झाला. डॉलर नसले तरी रुपयांत पैसे चालतील, ही मोठी सवलत होती आणि त्या गव्हानं लाखो लोकांची पोटं भरली, हे मान्य केलंच पाहिजे. पण शिल्लक माल आपल्या ताटात येतोय, हेही लोकांना दिसत होतं.

दुसरं, हात आखडून देऊ नका. 1965 आणि 1966 अशी लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला. तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी लांबच्या मुदतीचा करार न करता थोडं थोडं धान्य सोडायचं धोरण धरलं. इकडं दिल्ली व्हिएतनाम युद्धावर टीका करत होती, त्याचाही राग त्यात होता. जहाज बंदराला लागेल तेव्हा ताटात पडेल, अशी देशाची अवस्था झाली. जून 1966 मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलरचा भाव 4.76 रुपयांवरून 7.50 रुपयांवर गेला आणि ते परक्यांच्या दबावानं झालं असं देशभर बोललं गेलं. शेती सुधारा, असा जॉन्सन यांचा आग्रह होता. तो आग्रह काही चुकीचा नव्हता, आपले अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम यांनाही तेच हवं होतं. पण भुकेल्या माणसाला हप्त्याहप्त्यानं घास देत जे सांगाल, ते शहाणपणाचं असलं तरी त्याला हुकमासारखंच ऐकू येतं.

आता याच काळातली दुसरी गोष्ट बघा. 1966 मध्ये भारतानं मेक्सिकोतून 18,000 टन गव्हाचं बियाणं आणलं. त्यामागं नॉर्मन बोरलॉग या अमेरिकन शास्त्रज्ञाचं काम होतं. पंजाबच्या शेतकऱ्यानं ते आपल्या रानात, आपल्या घामानं पिकवलं. बोरलॉग यांचं नाव आजही आपल्याकडं आदरानं घेतलं जातं. देश तोच, दशक तेच, धान्यही गहूच. फरक एवढाच की बियाणं पेरल्यावर पीक आपलं झालं.

माझं माहेर आटपाडीकडचं. 1972 च्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या, म्हणजे तिकडच्या तांबड्या ज्वारीच्या, भाकरीबद्दल आई बोलायची तेव्हा तिचं तोंड कडू व्हायचं. पण रोजगार हमीवर फोडलेल्या खडीबद्दल, बांधलेल्या तलावाबद्दल ती ताठ मानेनं सांगायची. रोजगार हमीचे जनक वि. स. पागे यांनी आपल्याच तासगाव तालुक्यात त्याचा आधी प्रयोग केला होता. काम फार कष्टाचं, मजुरी थोडी, पण ते पैसे तिचे होते. म्हणून सांगते, गावात चिखल काढायला बाहेरून माणसं आणण्यापेक्षा गावातल्याच माणसांना मजुरी द्या. शिधा आणायचा तर पूर न आलेल्या जवळच्या वाडीतल्या दुकानातून घ्या.

अट घालू नका, आणि वाटप करताना जुनं भांडण तर अजिबात काढू नका. 1974 मध्ये बांगलादेशात दुष्काळ होता. त्या देशानं क्यूबाला तागाची पोती विकली म्हणून अमेरिकेनं धान्याची मदत अडकवून ठेवली. हे तिथले लोक विसरलेले नाहीत. ज्या पॅनेलला मत दिलं नाही त्या आळीत टेम्पो न्यायचा नाही, असं आपल्याकडंही होतं. मी पाहिलं आहे.

फोटोबद्दल बोलायचं तर मोबाइल खिशात ठेवा. देणगीदारांना हिशेब दाखवायचा असेल तर पोत्यांचा फोटो काढा, पावत्या लावा. माणसाचा काढू नका. 25 एप्रिल 2015 ला नेपाळमध्ये भूकंप झाला तेव्हा भारताची विमानं काही तासांत काठमांडूला पोहोचली. त्याचा मला तेव्हा अभिमान वाटला, आजही वाटतो. पण ढिगाऱ्यापाशी रडणाऱ्या आईच्या तोंडासमोर आपल्या वाहिन्यांचे माइक गेले, आणि थोड्याच दिवसांत नेपाळी लोक 'भारतीय माध्यमांनो, घरी जा' असं म्हणायला लागले. त्याच सप्टेंबरात सीमेवर ट्रक अडले. नेपाळच्या सखल भागातल्या मधेशी लोकांच्या आंदोलनामुळं अडले असं भारत म्हणाला, भारतानं अडवले असं नेपाळ म्हणाला. गॅस-पेट्रोलविना चुली बंद पडलेल्या माणसाला एप्रिलमधली विमानं कशी आठवणार? तेव्हा मला त्या वर्गातला मुलगा आठवला. या वेळी देणारे आपण होतो.

आणि शेवटचं, जे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं. घेणाऱ्याला परत काही देऊ द्या. 1974 मध्येच अमेरिकेनं त्या धान्यापोटी साठलेलं भारताकडचं 1,664 कोटी रुपयांचं येणं सोडून दिलं. त्यांचे राजदूत मोयनिहान यांनी तेवढ्या रकमेचा धनादेशच दिला. त्यानं मनं जुळली नाहीत. बांगलादेश युद्धाच्या वेळी, डिसेंबर 1971 मध्ये, बंगालच्या उपसागराकडं आलेलं त्यांचं आरमार लोकांच्या डोळ्यांसमोर होतं, हे एक कारण. पण मला वाटतं, एवढं मोठं देणं एका सहीनं माफ होतं तेव्हा घेणाऱ्याला फेडायची जागाच उरत नाही.

2019 च्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतून आटपाडीच्या चारा छावणीला उसाचं वाडं गेलं होतं. ऑगस्टमध्ये पूर आला आणि तिकडच्या बायका बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या. फडक्यात बांधलेल्या, अजून ऊन होत्या. कुणी फोटो काढला नाही. एक जण म्हणाली, "तुमचं वाडं खाल्लेल्या म्हशी अजून दावणीला हायत, वैनी."

आम्ही ती फडकी धुऊन ठेवली. भांडं रिकामं परत देऊ नये, ही आपली रीत. फाल्गुनात हळद शिजली, वाळली, तेव्हा प्रत्येक फडक्यात मूठभर हळकुंडं बांधली आणि आटपाडीला गेलो. त्यांनी ती ठेवून घेतली. चहा झाला, आणि निघताना माझ्या हातात बाजरीच्या पिठाची पिशवी आली.