ऑटोमॅटिक गाडी ‘डी’त टाकली की झालं? या चुका टाळा

पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरताना पुढच्या गाडीचे ब्रेकलाइट वरच्या वळणापासून खालपर्यंत पेटलेलेच दिसले, तर बहुतेक वेळा ती गाडी ऑटोमॅटिक असते आणि लिव्हर ‘डी’वर (ड्राइव्ह) असतो. ऑटोमॅटिकवाल्यांची ही सगळ्यात महागातली चूक.

‘डी’मध्ये गिअरबॉक्स इंधन वाचवायला जमेल तेवढा वरचा गिअर धरतो. सपाट रस्त्यावर ते ठीक, पण उतारावर गाडी मोकळी सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, जळका वास येतो, आणि मग पेडल दाबूनही गाडी हवी तिथे थांबत नाही. म्हणून उतार लागायच्या आधीच वेग कमी करा आणि ‘एल’, ‘२’ किंवा मॅन्युअल मोडमधला खालचा गिअर घ्या. सीव्हीटी गाडीत (ठरावीक गिअरऐवजी पुली-पट्ट्यावर चालणारी) ‘एस’ किंवा ‘एल’, जे असेल ते. आता इंजिनच गाडीला धरून ठेवतं. आवाज वाढेल, शेजारी बसलेले दचकतील. आरपीएमचा काटा लाल पट्ट्याच्या खाली असेल तर काही बिघडत नाही. ब्रेक लागेल तेव्हा ठाम दाबायचा आणि सोडायचा, पाय सतत टेकवून ठेवायचा नाही. वास आलाच तर रुंद जागा बघून थांबा, चाकाला दगड लावा आणि ब्रेक आपोआप गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतणारे हौशी भेटतात, त्यांचं ऐकू नका. डिस्क वाकडी होऊ शकते.

पेट्रोल वाचवायला ‘एन’ (न्यूट्रल) टाकून घाट उतरणं तर त्याहून वाईट. शिवाय पेट्रोल वाचतही नाही. इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना अॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर इंधन तोडतात. ‘एन’मध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच.

चढावरची चूक वेगळी. मारुतीने २०१४ मध्ये सेलेरिओत एएमटी आणला आणि कमी किमतीत ऑटोमॅटिक मिळू लागली. पण एएमटी म्हणजे आतून मॅन्युअलच, फक्त क्लच तुमच्याऐवजी मशीन दाबतं. चढावर ट्रॅफिकमध्ये अॅक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागच्या जागी धरली की तो क्लच घासत राहतो. डीसीटीचंही (दोन क्लचचा गिअरबॉक्स) तेच, काही गाड्यांत गिअरबॉक्स तापल्याची सूचना स्क्रीनवर येते. थांबायचं तर ब्रेकवरच थांबा. चढावर गाडी मागे सरकू न देणारा हिल होल्ड असला तरी तो दोनेक सेकंदच धरतो.

पार्किंगला बरेचजण थेट ‘पी’ टाकून ब्रेक सोडतात. उतारावर मग पूर्ण गाडीचं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या लोखंडी खिट्टीवर येतं, आणि पुढच्या वेळी लिव्हर काढताना ‘खाड्’ असा आवाज येतो. क्रम असा: ब्रेक दाबून ‘एन’, हँडब्रेक, ब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर टेकू द्या, पुन्हा ब्रेक दाबा आणि मग ‘पी’. मारुतीच्या एएमटीला ‘पी’ नसतोच. तिथे ब्रेक आणि हँडब्रेक लावून, गाडी गिअरमध्ये ठेवूनच इंजिन बंद करायचं.

इको मोडमध्ये ट्रक ओव्हरटेक करायला जाऊ नका. पाय दाबला तरी गाडी आळशीपणे उचलते. आधी नॉर्मल किंवा स्पोर्ट घ्या, नाहीतर ओव्हरटेकचा विचार सोडा.

लिव्हर ‘पी’तून निघतच नसेल तर मेकॅनिकला फोन करण्याआधी कुणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबा. ब्रेकलाइट लागत नसेल तर बऱ्याचदा फ्यूज किंवा ब्रेकचा स्विच गेलेला असतो. गाडीला ब्रेक दाबल्याचं कळतच नाही, म्हणून ती लिव्हर सोडत नाही. बऱ्याच गाड्यांत लिव्हरजवळ एका छोट्या झाकणाखाली ‘शिफ्ट लॉक’चं बटण असतं. हँडब्रेक लावून, ब्रेक दाबून ते किल्लीने दाबलं की लिव्हर सुटतो.

बॅटरी उतरली तर धक्का मारून गाडी सुरू होणार नाही, जंपर केबलच लागेल. आणि टो करायची वेळ आलीच तर दोर बांधून ओढू देऊ नका, फ्लॅटबेड मागवा. इंजिन बंद ठेवून चाकं फिरली तर टॉर्क कन्व्हर्टरच्या (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणाऱ्या) गिअरबॉक्सला तेल पोचत नाही आणि तो आतून घासला जातो.