रोहूच्या अंगावर पांढरे ठिपके: कोणता जीव, कोणता स्ट्रेन, कसं ओळखायचं

थंडी पडली की आमच्या लातूर पट्ट्यात फोटो यायला सुरू होतात, रोहूच्या अंगावर रवा सांडल्यासारखे ठिपके, मासे शेततळ्याच्या प्लास्टिकला अंग घासायलेत, औषध सांगा. औषध नंतर भाऊ, आधी ओळखा.

मासा जिवंतच धरा, मेल्यावर हे जीव अंग सोडून जातात आणि मग तुम्ही म्हणणार काहीच सापडलं नाही. काचपट्टीच्या कडेनं डोक्याकडून शेपटीकडं अंगावरचा बुळबुळीत थर हलकेच खरडा, त्यावर तळ्याचंच एक थेंब पाणी टाका (नळाचं नको, क्लोरीन असतंय), वर पातळ काच ठेवा आणि लगेच मायक्रोस्कोपखाली. शाळेतला जुना असला तरी चालतंय, मी तसाच मागून आणलाय. कल्ल्याचाही बारीक तुकडा बघायचा, त्यासाठी एक मासा जातो, जाऊ द्या.

100 पटीत गोल गोळा सावकाश गरगर फिरतोय आणि आत घोड्याच्या नालेसारखं केंद्रक दिसतंय, तर तो इक, म्हणजे इक्थिओफ्थिरिअस. लहान गोळ्यात नाल नीट दिसत नाही, मोठा शोधा. थाळीसारखा अन् आत दातांचं कडं असेल तर ट्रायकोडिना. कल्ल्याला चिकटलेली, डोक्यावर चार काळे ठिपके असलेली अळी म्हणजे डॅक्टिलोगायरस. ठिपका दाबल्यावर बियांसारखे ढीगभर बीजाणू निघाले तर मिक्सोबोलस, त्याला इकचं औषध टाकून पैसे घालवू नका.

आता स्ट्रेन, म्हणजे एकाच जीवाचे आतले उपप्रकार. डोळ्यानं स्ट्रेन ओळखला म्हणणाऱ्यावर अजिबात विश्वास ठेवू नका, इकचे सगळे स्ट्रेन मायक्रोस्कोपखाली सारखेच दिसतात. लॅबमध्ये डीएनए काढून मायटोकॉन्ड्रियातले कॉक्स-1 सारखे जीन वाचून फरक बघतात, नाहीतर सिरोटाइप बघतात, म्हणजे ठराविक अँटिबॉडी घातल्यावर इकची पोहणारी पिल्लं जागेवर थांबतात का ते.

आपल्या हातात आहे ते सॅम्पल. चार-पाच माशांचे ठिपके सुईनं उचला, प्रत्येक माशाची बाटली वेगळी, कारण एका तळ्यात दोन स्ट्रेन असू शकतात आणि एकत्र केलं की सगळा घोळ. 95 टक्के अल्कोहोल भरा, फॉर्मेलिन नको, त्यात डीएनए खराब होतो. उदगीरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, पण आधी विचारा अन् मगच बाटल्या घेऊन निघा. तळं, तारीख, माशाची जात चिठ्ठीवर पेन्सिलनं लिहून बाटलीच्या आतच टाका, पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळून जाते.