सेकंडहँड सुपरकारचा भाव स्वतः कसा काढावा

पुण्यात एका ओळखीच्या कुटुंबासाठी मी जुनी लॅम्बोर्गिनी गॅलार्डो बघायला गेलो होतो. रंग चकाचक, मीटरवर अवघे अकरा हजार किलोमीटर, सिंगल ओनर. भाव ऐकून घरची मंडळी जवळपास हो म्हणालीच होती. मी उकिडवा बसून मोबाइलच्या उजेडात टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर नऊ वर्षांचे निघाले. नक्षी नव्यासारखी, पण रबर कडक पडलेले आणि कडेला बारीक भेगा. गाडी जपून चालवलेली नव्हती, ती चाललीच नव्हती. उभ्या गाडीची बॅटरी बसते, सील सुकतात, टाकीतले पेट्रोल खराब होते. त्या चार आकड्यांवरून बोलणी पुन्हा सुरू झाली आणि भाव काही लाखांनी उतरला.

अशा सौद्यांत माणसे आयुष्यभराची बचत ओततात आणि भाव मात्र समोरचा सांगेल तो धरतात, याचे मला फार वाईट वाटते. भाव काढायला कागद, पेन आणि थोडी चिकाटी पुरते.

१. आधी आजच्या नव्या गाडीचा भाव मांडा

विकणारा नेहमी स्वतःच्या बिलापासून सुरुवात करतो. ‘मला साडेतीन कोटींना पडली, तुम्हाला दोनला देतो.’ ते बिल बाजूला ठेवा. तशीच गाडी आज नवी घेतली तर काय पडेल, हा तुमचा पहिला आकडा.

परदेशातून पूर्ण तयार होऊन येणाऱ्या महागड्या गाडीवर भारतात एकूण ११० टक्के आयात शुल्क लागते. समजा, बंदरात उतरताना गाडीची किंमत १ कोटी आहे. शुल्क धरून ती २ कोटी १० लाखांची झाली. २२ सप्टेंबर २०२५च्या आधी त्या रकमेवर जीएसटी आणि सेस मिळून ४८ टक्के लागत, म्हणजे गाडी जवळजवळ ३ कोटी ११ लाखांवर जाई. त्या दिवसापासून सेस गेला, जीएसटी ४० टक्के झाला आणि तीच गाडी २ कोटी ९४ लाखांवर आली. महाराष्ट्रात आयात गाडीला २० टक्के रोड टॅक्स आहे, पण त्याला कमाल मर्यादा आहे. ती पूर्वी २० लाख होती, जुलै २०२५पासून ३० लाख झाली. डीलरचा नफा आणि विमा धरलाच नाही, तरी सव्वातीन कोटींच्या या गाडीत सव्वादोन कोटींच्या आसपास नुसते कर आहेत.

एवढे मांडले की भाव का पडतो ते दिसायला लागते. ज्याने ऑगस्ट २०२५मध्ये गाडी घेतली, त्याची गाडी गॅरेजात उभी असतानाच नव्या गाडीचा भाव सतरा लाखांनी खाली आला. जुन्या गाडीचा भाव नव्याच्या पाठोपाठ चालतो, त्यामुळे त्याचे नुकसान त्याच दिवशी झाले. पुढेही असे होऊ शकते. भारत आणि ब्रिटन यांनी जुलै २०२५मध्ये व्यापार करारावर सह्या केल्या. त्यात ठरावीक संख्येच्या ब्रिटिश गाड्यांवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणायचे ठरले आहे. मॅकलॅरेन आणि ॲस्टन मार्टिन ब्रिटनमध्ये बनतात. या दोन कंपन्यांची जुनी गाडी घेताना ही गोष्ट भावात धरलीच पाहिजे.

२. गाडी कोणत्या जातीची आहे ते ओळखा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दोन गाड्या नव्या असताना एकाच भावाच्या असतात आणि पाच वर्षांनी त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडलेला असतो.

फेरारी ४५८ इटालिया आणि तिच्यानंतर आलेली ४८८ जीटीबी घ्या. ४५८मध्ये टर्बो नसलेले साडेचार लिटरचे व्ही-८ इंजिन आहे, ९,००० आरपीएमपर्यंत चढणारे, ५७० हॉर्सपॉवरचे. २०१५मध्ये आलेल्या ४८८ला दोन टर्बो मिळाले आणि ताकद ६७० झाली. वेगात नवी गाडी सरस आहे. तरी ब्रिटन-अमेरिकेच्या बाजारात चांगली ठेवलेली ४५८ पुष्कळदा ४८८च्या बरोबरीने, कधी तिच्याहूनही महाग विकली जाते. कारण एकच: टर्बो नसलेले व्ही-८ इंजिन मध्यभागी असलेली फेरारी त्यानंतर आली नाही. जे पुन्हा मिळणार नाही, त्याला लोक पैसे मोजतात.

गॅलार्डोचेही तसेच आहे. २००३ ते २०१३ या काळात कंपनीने १४,०२२ गॅलार्डो बनवल्या. त्यांतल्या बहुतेकांना ई-गिअर म्हणजे स्टिअरिंगमागच्या पॅडलने बदलणारा गिअरबॉक्स होता. धातूच्या खाचांमधून हाताने गिअर टाकायची गाडी नवी असताना फारशी कोणी मागत नव्हते, आज तिच्याच मागे लोक धावतात.

आता उलटी बाजू. मॅकलॅरेन एमपी४-१२सी २०११मध्ये ब्रिटनमध्ये १,६८,५०० पाउंडांना विक्रीला आली. अभियांत्रिकी म्हणून अप्रतिम गाडी. पण २०१४मध्ये ६५०एस आली आणि १२सी बंद झाली, २०१५मध्ये ५७०एस आली, २०१७मध्ये ७२०एस. दर दोन-तीन वर्षांनी नवे मॉडेल आले की आधीचे आपोआप जुने ठरते. १२सीचा भाव काही वर्षांत निम्म्याहून खाली गेला. गाडीत खोट होती म्हणून नव्हे, कंपनीने स्वतःच तिला वरचेवर मागे टाकले म्हणून.

मर्यादित संख्येची गाडी म्हणजे पक्का नफा, असेही समजू नका. पोर्शेने २०१६मध्ये ९११ आर फक्त ९९१ बनवल्या. हाताने गिअर टाकायची, हलकी, जीटी३ आरएसचे इंजिन असलेली. भाव मूळ किमतीच्या कित्येक पट चढला. दुसऱ्याच वर्षी पोर्शेने साध्या जीटी३ला हाताचा गिअरबॉक्स दिला, पाठोपाठ त्याच जीटी३ची टुरिंग ही आवृत्तीही काढली आणि ९११ आरचे भाव खाली आले. शिखरावर घेणाऱ्यांचे हात पोळले.

म्हणून वहीत तीन प्रश्न लिहा. हिच्यासारखी गाडी कंपनी पुन्हा बनवेल का? हिची जागा घेणारी आली आहे का, किंवा येऊ घातली आहे का? हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर बॅटरीची वॉरंटी किती उरली? तिसऱ्याचे उत्तर समाधानकारक नसेल तर माझा सल्ला सरळ आहे, थांबा.

३. विम्याच्या आकड्याला बाजारभाव समजू नका

पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत, छापलेला असतो आणि दलाल तोच पुढे करतात. हा आकडा ठरीव तक्त्यावरून येतो: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घसारा, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. हॅचबॅक असो की फेरारी, तक्ता एकच. त्यातून भाव कळत नाही.

४. महिनाभर भाव टिपा

ज्या मॉडेलवर मन बसले आहे, त्याच्या जाहिराती चार-पाच आठवडे रोज बघा. वर्ष, रनिंग, कितवा मालक, कुठले पासिंग आणि मागितलेला भाव वहीत उतरवा. मागितलेला भाव म्हणजे विकलेला भाव नव्हे. खरी माहिती मिळते ती भाव उतरवल्याच्या तारखेतून. तीच गाडी पहिल्या आठवड्यात १ कोटी ९०, तिसऱ्यात १ कोटी ७८ आणि पाचव्यात दिसेनाशी झाली, तर सौदा १ कोटी ७०च्या आसपास झाला असावा असा अंदाज धरता येतो.

पर्यायी फिटिंगवर मालकाने खर्चलेले पैसे फारसे परत येत नाहीत. आपल्याकडे अपवाद पुढचा भाग वर उचलणाऱ्या लिफ्टचा. स्पीडब्रेकर आणि सोसायटीचा उतार पार करायचा तर ती हवीच, आणि ती नसलेली गाडी पुढे विकणे जड जाते.

५. कागद

परिवहन विभागाच्या वाहन संकेतस्थळावर नंबर टाकून मालक कितवा, हायपोथिकेशन (गाडीवरचा कर्जाचा बोजा) उतरले आहे का, विमा चालू आहे का, हे तपासा. थकलेली ई-चलाने वेगळी बघा. मग पासिंग. कर वाचवायला पुद्दुचेरीसारख्या ठिकाणी नोंदवलेल्या महाग गाड्यांची प्रकरणे देशभर गाजली आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७नुसार गाडी बारा महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात राहिली तर तिथे पुन्हा नोंदणी करावी लागते, आणि इथला रोड टॅक्स तुमच्या खिशातून जातो. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते ती बरेचदा यामुळे. मूळ आयातीचे बिल ऑफ एंट्री, म्हणजे गाडी देशात आणताना कस्टम्सला दिलेला कागदही मागा. ते दाखवायला टाळाटाळ झाली की मी तिथूनच परत फिरतो.

६. गाडी उघडून बघा

ब्रँडच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये किंवा ती गाडी खरोखर जाणणाऱ्या मेकॅनिककडे, स्वतःच्या खर्चाने तपासणी करून घ्या. टोकन त्यानंतर. एकच क्लच असलेल्या ई-गिअर किंवा एफ१ (फेरारीचा तशाच प्रकारचा) गिअरबॉक्सच्या गाडीत क्लच किती झिजला ते संगणक लावून वाचता येते. तो आकडा लिहून घ्या, कारण क्लच बदलायचा खर्च लाखांत आहे. पोर्शेमध्ये इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा पळवले, याची नोंद संगणकात राहते. कार्बन सिरॅमिक ब्रेक डिस्कवर झीज मोजायच्या खुणा असतात. रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र प्रत्येक पत्र्यावर टेकवा; एकाच दारावर जाडी दुप्पट आली तर ते दार रंगवलेले आहे.

सर्व्हिस बुकमध्ये वर्षाआड शिक्का असेल तर विचारा. फेरारी नव्या गाडीबरोबर सात वर्षांची नियमित देखभाल देते, आणि ती दुसऱ्या मालकालाही लागू राहते. अशी दोन-तीन वर्षे उरली असतील तर त्याला जास्त भाव द्यायला हरकत नाही.

७. तुमचा स्वतःचा तोटा मांडा

पहिल्या मालकाने किती गमावले, यावर खूश होऊ नका. तुम्ही विकताना काय गमावाल ते काढा. समजा, गाडी १ कोटी ६० लाखांना घेतली आणि तीन वर्षांनी १ कोटी ३० लाखांना विकाल असा अंदाज आहे. घसारा ३० लाख. तेच १ कोटी ६० लाख ८ टक्क्यांनी ठेवले असते तर सरळ व्याजानेच ३८ लाख ४० हजार आले असते. त्यात विमा, सर्व्हिस, टायरचा एक सेट आणि एखादी अचानक दुरुस्ती मिळवा. त्या बेरजेला छत्तीस महिन्यांनी भागा. जो आकडा येईल तो दर महिन्याला खुशीने देऊ शकत असाल तरच पुढे जा.

८. वेळ साधा

पितृपक्षात आपल्याकडे वाहन घ्यायला बहुतेक लोक तयार नसतात, आणि भर पावसात जमिनीला टेकलेली गाडी कोणी बाहेर काढत नाही. घेणाऱ्याने त्या दिवसांत बोलणी करावीत. विकणाऱ्याने दसरा-दिवाळीच्या तोंडावर गाडी दाखवावी. पाऊस संपून रविवारची सकाळची भटकंती तेव्हाच सुरू झालेली असते. दाखवायच्या आधी टायर नवे घाला, बॅटरी चार्जरवर ठेवा, सर्व्हिसची बिले तारखेप्रमाणे फाइलला लावा. विमा नव्या मालकाच्या नावे करायला कायद्याने १४ दिवस आहेत. गाडी नव्या मालकाच्या नावे करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की त्याच दिवशी दोघांनी मिळून विमा कंपनीला अर्ज पाठवा, आणि अर्जाची पोच हातात येईपर्यंत दुसरी चावी देऊ नका.